प्रवेशपरीक्षेतील मनोविकार : अभ्यास आणि अभ्यासक

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



 आपल्या वसतिगृहात राहून शिकलेल्या अनेकांची मुले-नातवंडे आज अमेरिकेत वैद्यकीय शिक्षणाची वाट धरू पाहत आहेत, आणि त्यांपैकी काही कुटुंबे या सभागृहात उपस्थित आहेत, असे संयोजकांनी मला सांगितले. मी व्यवसायाने मनोविकारचिकित्सक. माझे वैद्यकीय शिक्षण महाराष्ट्रात झाले, व्यवसाय बव्हंशी अमेरिकेत. गेली काही वर्षे तेथील मराठी कुटुंबांतील मुलामुलींना ‘एमकॅट’ या प्रवेशपरीक्षेतील मानसशास्त्राचा भाग मी शनिवार-रविवारी शिकवितो. त्या भागातही मनोविकारांचे प्रकरण माझ्या विशेष आवडीचे. ते शिकविताना जे दिसले ते आपल्यापुढे ठेवावे, एवढाच आजचा मर्यादित हेतू आहे.

प्रथम परीक्षेविषयी थोडे सांगितले पाहिजे. आपल्याकडे बारावीनंतर मूल ‘नीट’ला बसते. १८० प्रश्न, ७२० गुण; विषय भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र. त्यात मनाचा विचार जवळजवळ नाही. जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात आरोग्य व रोग यांच्या प्रकरणात व्यसनाधीनतेविषयी जे काही येते, तेवढेच. अमेरिकेतील रीत निराळी आहे. तेथे आधी महाविद्यालयीन पदवी, आणि मग वैद्यकीय महाविद्यालय. त्यामुळे एमकॅटला बसणारा विद्यार्थी वीस-बावीस वर्षांचा असतो, किंवा त्याहूनही मोठा. ही परीक्षा या ना त्या स्वरूपात १९२८ पासून चालत आली आहे. आज तिच्यात चार विभाग व एकूण २३० प्रश्न असतात. प्रत्येक विभागाला ११८ ते १३२ यांच्या दरम्यान गुण मिळतात, म्हणजे सर्वांत कमी ४७२ आणि सर्वांत अधिक ५२८. ‘शून्यापासून का मोजत नाहीत?’ असे माझ्या एका विद्यार्थ्याच्या आजोबांनी मला विचारले होते. त्यांचे समाधान होईल असे उत्तर मला आजही देता येणार नाही.

२०१५ साली या परीक्षेची पुनर्रचना झाली आणि मानसशास्त्र, समाजशास्त्र व वर्तनाचा जैविक पाया यांचा स्वतंत्र विभाग तीत प्रथमच आला. ९५ मिनिटे, ५९ प्रश्न. त्यांपैकी सुमारे ६५ टक्के भाग मानसशास्त्राचा, ३० टक्के समाजशास्त्राचा आणि उरलेला जीवशास्त्राचा. हा विभाग दिवसाच्या अगदी शेवटी येतो. सकाळपासून रसायनशास्त्राची समीकरणे आणि प्रथिनांचे आलेख यांच्याशी झुंजून थकलेल्या मुलापुढे तिसऱ्या प्रहरी एक परिच्छेद येतो आणि त्यात एक माणूस असतो, ज्याला गेले पाच आठवडे कोणी नसताना आवाज ऐकू येत आहेत.

हा विभाग म्हणजे विद्यार्थ्यांवर लादलेले आणखी एक ओझे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. माझे मत तसे नाही. १९७७ साली जॉर्ज एंगेल या अमेरिकन वैद्याने ‘सायन्स’ या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात असे प्रतिपादन केले की, रोगाचा विचार केवळ शरीरातील बिघाड म्हणून करणारे वैद्यक अपुरे आहे. शरीर, मन आणि समाज या तिन्हींचा एकत्र विचार झाला पाहिजे. त्याला जैव-मनो-सामाजिक दृष्टी म्हणतात, आणि एमकॅटच्या अभ्यासक्रमात मनोविकारांचे प्रकरण नेमके याच मुद्द्यापासून सुरू होते. डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्याने पहिल्याच उंबरठ्यावर हे वाचावे, यात मला वावगे काही दिसत नाही. आमच्या वेळी मानसोपचार हा विषय वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या एका कोपऱ्यात दोन आठवड्यांत आटोपला जात असे.

अभ्यासक्रमाने विकारांचे जे गट सांगितले आहेत ते असे : चिंतेचे विकार, ओसीडी व तत्सम विकार, आघात व ताण यांतून उद्भवणारे विकार, शारीरिक लक्षणांच्या रूपाने प्रकटणारे विकार, द्विध्रुवीय विकार, नैराश्याचे विकार, छिन्नमनस्कता, वियोजनाचे विकार आणि व्यक्तिमत्त्वाचे विकार. मुले काय करतात? खान अकॅडमीच्या चित्रफिती पाहतात, टिपणे काढतात, आणि ‘अँकी’ नावाच्या संगणकीय पत्त्यांवर एका बाजूला विकाराचे नाव व दुसऱ्या बाजूला लक्षणे लिहून शेकडो पत्ते रोज फिरवितात. पाठांतराला मी नावे ठेवणार नाही. आपली सारी परंपराच मुखोद्गत करण्याची आहे. परंतु या पत्त्यांत एक खोट राहते. पत्त्यावर लक्षणे येतात, काळ येत नाही. आणि मनोविकारांच्या निदानात काळ हाच पुष्कळदा निर्णायक ठरतो.

मघाचा परिच्छेद घ्या. आवाज ऐकू येतात, विचार विस्कळीत आहेत, आणि हे पाच आठवडे चालले आहे. घाईत असलेला विद्यार्थी ‘स्किझोफ्रेनिया’ असे उत्तर देतो. ते चूक आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या ‘डी.एस.एम.’ या निदानग्रंथाप्रमाणे हीच लक्षणे एका दिवसाहून अधिक पण महिन्याच्या आत ओसरली तर ती अल्पकालीन मनोविक्षिप्ती; एक ते सहा महिने राहिली तर ‘स्किझोफ्रेनिफॉर्म’ विकार; आणि सहा महिन्यांचा टप्पा ओलांडल्यावरच स्किझोफ्रेनिया. म्हणून पाच आठवड्यांच्या रुग्णाला ते नाव अद्याप देता येत नाही. तीच गोष्ट इतरत्र. नैराश्याच्या झटक्याला निदान दोन आठवडे, उन्मादाला एक आठवडा, सौम्य उन्मादाला चार दिवस. भीषण अपघातानंतर झोप उडणे, दचकणे, तो प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणे हे तीन दिवस ते एक महिना असेल तर तीव्र ताण विकार. महिना उलटल्यावर पीटीएसडी. सर्वसाधारण चिंताविकाराला सहा महिने. रेंगाळणाऱ्या, बारीक तापासारख्या नैराश्याला दोन वर्षे.

मुले म्हणतात, ‘काका, हे तर पंचांग झाले.’ मी त्यांना सांगतो की यामागे अर्थ आहे. माणसाच्या मनावर मळभ येते आणि जाते. परीक्षेत नापास झालेला, आप्त गमावलेला, नोकरी सुटलेला माणूस काही दिवस जेवत नाही, बोलत नाही. त्याला लगेच रोगी ठरविणे हा त्याच्यावर अन्याय आहे. वाट पाहण्याची एक मर्यादा म्हणून हे आकडे आहेत. निसर्गाने पंधराव्या दिवशी कोणती रेघ ओढलेली नाही, ती माणसांनी एकत्र बसून, विचार करून ओढली आहे. आणि मुदतीच्या जोडीला आणखी एक अट जवळजवळ प्रत्येक विकारात असते, जी विद्यार्थी हमखास गाळतात : या लक्षणांमुळे त्या व्यक्तीला लक्षणीय क्लेश होत असला पाहिजे, किंवा तिचे काम, शिक्षण, नाती यांत अडथळा येत असला पाहिजे. नुसता विक्षिप्तपणा हा रोग नव्हे.

दुसरी अडचण जुळ्या नावांची. ओसीडी आणि ओसीपीडी यांत एकाच अक्षराचा फरक, पण माणसे अगदी भिन्न. आपल्या मराठीत ‘मंत्रचळ’ हा किती नेमका शब्द आहे! ज्याला मंत्रचळ लागला आहे त्याला हात पुन्हा पुन्हा धुणे नकोसे असते, ते व्यर्थ आहे हेही बहुधा कळत असते, तरी धुतल्यावाचून राहवत नाही. हा ओसीडी. दुसऱ्या प्रकारचा गृहस्थ हिशेबाच्या वहीत पैचीही चूक खपवून घेत नाही, कार्यक्रमाची पत्रिका सात वेळा दुरुस्त करतो, कोणाच्या हाती काम सोपवीत नाही, आणि आपण करतो तेच योग्य याविषयी त्याच्या मनात तिळमात्र शंका नसते. त्याला स्वतःला त्रास होत नाही. त्रास घरच्यांना आणि समितीच्या सदस्यांना होतो. (सभागृहात हशा.) हा व्यक्तिमत्त्वाचा विकार. परीक्षेत या दोहोंतला फरक विचारणे परीक्षकांना फार आवडते.

तसेच भास आणि संभ्रम. कोणी नसताना आवाज ऐकू येणे हा भास. शेजारी आपल्या पाण्यात विष कालवितो अशी पुराव्यावाचूनची अढळ खात्री हा संभ्रम. पहिला इंद्रियांचा, दुसरा विचारांचा. तसेच भास व संभ्रम यांना ‘धन’ लक्षणे का म्हणतात आणि चेहरा निर्विकार होणे, बोलणे आटणे, कशात रस न उरणे यांना ‘ऋण’ का म्हणतात. यात धन म्हणजे चांगले असे नव्हे. जे एरवी नसते ते आले म्हणून धन, जे एरवी असते ते गेले म्हणून ऋण. हिशेबाची सवय असलेल्या घरातल्या मुलांना हे पटकन उमगते, हा माझा अनुभव आहे.

परंतु सर्वांत चिवट घोटाळा स्किझोफ्रेनिया आणि एकाच व्यक्तीत अनेक व्यक्तिमत्त्वे प्रकटणे यांतला. दुसरा विकार वियोजनाच्या गटातला, पूर्णतः वेगळा. घोटाळ्याचे मूळ नावात आहे. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली ग्रीक धातूंपासून ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द घडविला. त्याचा शब्दशः अर्थ दुभंगलेले मन. विचार, भावना आणि वास्तवाची जाण यांची वीण उसवते, असे त्यांना म्हणायचे होते. आपण त्याचे ‘छिन्नमनस्कता’ असे भाषांतर केले आणि तोच गैरसमज मराठीतही आणला. वृत्तपत्रांतून ‘दुभंग व्यक्तिमत्त्व’ हा शब्द आजही दोन्हींसाठी सर्रास वापरला जातो. जपानमध्ये या विकाराच्या जुन्या नावाचा अर्थ ‘मन फुटण्याचा रोग’ असा होता. रुग्णांचे नातेवाईक आणि डॉक्टर यांच्या प्रयत्नांतून २००२ साली तेथे ते नाव अधिकृतपणे बदलण्यात आले, कारण ते रुग्णाला सांगण्याचे धाडसच डॉक्टरांना होत नसे. नाव उच्चारणेच अशक्य असेल तर उपचार कशाच्या बळावर सुरू करायचे? ज्यांनी सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा २००४ सालचा ‘देवराई’ हा चित्रपट पाहिला असेल, त्यांना या विकाराचे खरे स्वरूप, आणि त्याहून अधिक म्हणजे रुग्णाच्या बहिणीची ओढाताण, पाठ्यपुस्तकाहून चांगली कळली असेल. माझ्या विद्यार्थ्यांना मी तो आवर्जून पाहायला सांगतो.

आता जे पाठ करायचे ते तरी अचल आहे काय? तसेही नाही. डी.एस.एम.ची पहिली आवृत्ती १९५२ ची, तिसरी १९८० ची, पाचवी २०१३ ची आणि तिचे सुधारित रूप २०२२ चे. पाचव्या आवृत्तीत ओसीडी आणि पीटीएसडी चिंतेच्या गटातून बाहेर काढले गेले, स्किझोफ्रेनियाचे जुने उपप्रकार रद्द झाले. मोठ्या भावाची जुनी पुस्तके वापरणारे विद्यार्थी येथे फसतात. तेव्हा पुस्तकाचे साल आधी पाहावे. हा व्यावहारिक मुद्दा झाला. त्याहून गंभीर मुद्दा असा की, १९७३ च्या डिसेंबरात अमेरिकन मानसोपचार संघटनेने समलैंगिकता हा विकार नाही असे ठरविले. त्या दिवसापर्यंत जी माणसे ग्रंथानुसार रोगी होती, ती दुसऱ्या दिवशी रोगी राहिली नाहीत. त्यांच्यात काहीच बदलले नव्हते.

त्याच वर्षी, १९७३ मध्ये, डेव्हिड रोझनहान यांचा एक गाजलेला निबंध प्रसिद्ध झाला. आठ निरोगी माणसे बारा रुग्णालयांत गेली आणि आपल्याला काही पुसट शब्द ऐकू येतात, असे खोटे बोलली. सर्वांना दाखल करून घेतले गेले. आत गेल्यावर ती अगदी नेहमीसारखी वागू लागली, तरी त्यांना सोडायला सरासरी एकोणीस दिवस लागले. त्यांनी टिपणे लिहिली तर ते लिहिणेही लक्षण मानले गेले. एकदा शिक्का बसला की माणसाची प्रत्येक कृती त्या शिक्क्यातून वाचली जाते, हा समाजशास्त्रातील सिद्धांत शिकविताना हा प्रयोग हटकून येतो. मात्र २०१९ साली सुझाना कॅहॅलन या लेखिकेने कसून शोध घेऊन या निबंधातील माहितीच्या खरेपणावरच गंभीर संशय उपस्थित केला आहे. विद्यार्थ्यांना मी दोन्ही सांगतो. परीक्षेपुरता प्रयोग लक्षात ठेवा आणि पुढे डॉक्टर झाल्यावर संशयही लक्षात ठेवा.

जैविक बाजूही या प्रकरणात आहे. स्किझोफ्रेनिया, नैराश्य, अल्झायमर आणि पार्किन्सन या चारांचा मेंदूतील पाया अभ्यासक्रमात येतो. यातील एक जोडी मला फार उद्बोधक वाटते. पार्किन्सनमध्ये मेंदूच्या एका विशिष्ट भागातील डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट होत जातात, म्हणून हालचाल मंदावते, हात थरथरतात. डोपामिन वाढविणारे औषध दिले तर हालचाल सुधारते, पण कित्येकदा रुग्णाला भास होऊ लागतात. उलट, स्किझोफ्रेनियाची जुनी औषधे डोपामिनचा परिणाम रोखतात. भास कमी होतात, पण हात थरथरू लागतात, चाल आखडते. ही एक गोष्ट नीट समजली की चार पत्ते पाठ करावे लागत नाहीत. नैराश्याचे गणित मात्र इतके सरळ नाही. ‘सेरोटोनिन कमी पडले’ एवढ्या एका वाक्यात ते बसत नाही, हे आता पुरेसे स्पष्ट झाले आहे. औषधांचा उपयोग होतो, पण का होतो याचे पूर्ण उत्तर हाती आलेले नाही.

या अभ्यासाचा अभ्यासकावर होणारा परिणाम हा माझ्या विषयाचा दुसरा भाग. जेरोम के. जेरोम यांच्या १८८९ सालच्या ‘थ्री मेन इन अ बोट’ या विनोदी पुस्तकाचा नायक वैद्यकाचा ग्रंथ चाळतो आणि त्यातले जवळजवळ सर्व रोग आपल्याला झाले आहेत अशी त्याची खात्री पटते. वैद्यकीय विद्यार्थ्यांत हे नेहमी घडते. मनोविकारांच्या बाबतीत तर अधिकच, कारण येथे रक्ततपासणी नाही, आणि चिंता, उदासी, संशय यांचे थोडेफार अंश प्रत्येकाच्या मनात असतातच. परीक्षा महिन्यावर आलेली, झोप चार तासांवर आलेली, आणि पुस्तकात लिहिलेले : निद्रानाश, एकाग्रतेचा अभाव, थकवा. मुलगा काय समजणार? बहुतेकांची ही शंका परीक्षेबरोबर विरते. पण सर्वांची नाही, आणि ते ओळखायचे कसे हे सांगणे शिकविणाऱ्याचे काम आहे. मघाचेच दोन निकष येथेही लावावेत : किती काळ चालले आहे, आणि रोजचे जगणे अडले आहे काय.

एक प्रसंग सांगतो. व्यक्ती ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदलले आहेत. नैराश्याच्या विकारांचा पाठ संपल्यावर एक मुलगी मागे थांबली. वर्गात सर्वांत हुशार. वडील पश्चिम महाराष्ट्रातून तिकडे गेलेले, उत्तम नोकरी, स्वतःचे घर. ती म्हणाली, ‘काका, दोन वर्षांची अट सांगितलीत ना... बाबा तीन वर्षं असेच आहेत. ऑफिसला जातात, येतात, सोफ्यावर बसतात. भारतात फोनसुद्धा करत नाहीत. आई म्हणते, स्वभाव आहे. तो स्वभाव नव्हता, काका. पूर्वी ते पेटी वाजवायचे.’

तिने हातातल्या टिपणात निकषांपुढे एकेक खूण केली होती. मी तिला म्हणालो, बाळ, या खुणांवरून तू वडिलांचे निदान करायचे नाही, मीही करणार नाही. पण तुला जे दिसले ते खरे आहे, आणि त्यांना डॉक्टरांकडे नेले पाहिजे. मग त्या टिपणातली शेवटची ओळ मी तिला दाखविली, जिच्यापुढे खूण नव्हती : ‘ही लक्षणे अन्य शारीरिक आजाराने वा औषधाने उद्भवलेली नसावीत.’ थायरॉईडची ग्रंथी मंदावली तरी माणूस असाच दिसतो. प्रश्नपत्रिकेत ही ओळ एक गुण देते. घरात मात्र ती उपयोगाची अशी की, ‘तुमच्या मनाला काही झाले आहे’ हे बापाला सांगणे मुलीला जड जाते, ‘रक्त तपासून घेऊ या’ हे सांगता येते.

रक्त तपासले गेले. थायरॉईड ठीक निघाले. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मग जे विचारायला हवे ते प्रश्न विचारले. उपचार सुरू होण्यास आणखी दोन महिने गेले, कारण ते स्वतः तयार नव्हते. ‘माझ्यासारख्याला कसले डिप्रेशन? माझ्याकडे सगळे आहे,’ हे वाक्य माझ्या व्यवसायात मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचाही निकषांत समावेश व्हावा. आता ते बरे आहेत. पेटी अजून वाजवीत नाहीत, पण तिच्यावरचे आच्छादन निघाले आहे, असे मुलगी सांगते.

असे किती बाप, किती आया सोफ्यावर बसून आहेत? बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात पाहणीच्या वेळी १०.६ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. आयुष्यात कधीतरी झाला होता असे धरल्यास प्रमाण १३.७ टक्के. (विद्यार्थ्यांनी या दोन आकड्यांतला भेद लक्षात ठेवावा, एमकॅटच्या तक्त्यांत तो विचारतात.) आणि विकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. डॉक्टरांची उणीव हे एक कारण. दुसरे कारण लाज. समाजशास्त्रज्ञ आर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ साली ‘स्टिग्मा’ या ग्रंथात ज्या कलंकाचे विवेचन केले, तो परीक्षेत चार ओळींची व्याख्या होऊन येतो. आपल्याकडे तो स्थळ पाहताना येतो.

समाज आणि विकार यांच्या संबंधाची आणखी एक बाजू सांगितली पाहिजे. अंगात येणे हे आपल्या खेड्यापाड्यांतून आपण पाहिले आहे. तो रोग म्हणायचा काय? निदानग्रंथाची पाचवी आवृत्ती येथे सावध आहे. अशा अनुभवाचा उल्लेख ती वियोजनाच्या विकारात करते, पण समाजाने सर्वसाधारणपणे स्वीकारलेल्या धार्मिक वा सांस्कृतिक प्रथेचा जो भाग आहे, त्याला विकार मानू नये असेही सांगते. अमेरिकेत वाढलेल्या मुलांना हे शिकविताना मला विशेष काळजी घ्यावी लागते. आजीच्या गावाला त्यांनी जे पाहिले, त्याला पुस्तकातले नाव देण्याची त्यांना फार घाई असते.

डॉक्टर होऊ पाहणाऱ्यांच्या स्वतःच्या मनाविषयी बोलायला हवे. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या पहिल्या लाटेत, न्यूयॉर्कच्या तातडीच्या विभागात काम करणाऱ्या डॉ. लोर्ना ब्रीन यांनी आपले जीवन संपविले. उपचार घेतले हे कळले तर वैद्यकीय परवाना धोक्यात येईल, ही धास्ती त्यांना होती, असे त्यांच्या कुटुंबीयांनी पुढे सांगितले. त्यांच्या नावाने मार्च २०२२ मध्ये अमेरिकेत आरोग्यसेवकांच्या मानसिक स्वास्थ्यासाठी कायदा झाला, आणि परवान्याच्या अर्जात जुन्या मानसिक आजाराची चौकशी करणारे प्रश्न काढून टाकण्याची चळवळ तेथे बळावली. आपल्याकडे जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, नीटची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात, शिक्षणसंस्था व शिकवणी वर्गांसाठी विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. जी मुले मनोविकार पाठ करीत आहेत आणि जी ते शब्द कधी वाचतही नाहीत, त्या दोघांच्या खोलीतला दिवा रात्री दोन वाजता सारखाच जळत असतो. पालकांना माझी विनंती आहे की, गुण विचारण्याआधी झोप विचारावी.

अभ्यासाची माझी एक पद्धत आहे, ती सांगून आवरते घेतो. प्रत्येक विद्यार्थ्याने आठवड्यातून एक विकार निवडायचा आणि भारतातल्या आजीला किंवा आजोबांना तो दूरध्वनीवर मराठीत समजावून सांगायचा. अट एवढीच की विकाराचे नाव घ्यायचे नाही. मुले कुरकुरतात, कारण त्यांचे मराठी मोडकेतोडके असते. पण नाव काढून घेतले की त्यांना माणूस सांगावा लागतो : तो सकाळी कसा उठतो, जेवतो का, कोणाशी बोलत नाही, कधीपासून. इचलकरंजीच्या एका आजीबाईंना नातवाने भीतीचे अचानक येणारे झटके समजावले. छाती धडधडणे, घाम, आता मरणार असे वाटणे, आणि पुन्हा झटका येईल या भयाने घराबाहेर न पडणे. त्या शांतपणे ऐकून म्हणाल्या, ‘माझ्या धाकट्या जावेला असंच व्हायचं. आम्ही तिला तीन वर्षं देवऋष्याकडं नेत होतो.’ नातवाने तिचे पुढे काय झाले ते विचारले. त्या संभाषणाला पाऊण तास लागला, आणि तो मुलगा पॅनिक डिसऑर्डरवरचा प्रश्न आता आयुष्यात चुकेल असे मला वाटत नाही.

जाता जाता दोन क्रमांक टिपून घ्यावेत. भारत सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. अमेरिकेतील आपल्या मुलाबाळांसाठी तेथील क्रमांक ९८८. आजच्या कार्यक्रमपत्रिकेच्या मागील पानावर हे दोन्ही छापण्याची माझी विनंती संयोजकांनी मान्य केली, त्याबद्दल त्यांचे विशेष आभार.